फोटोतल्या बाईंकडे आधी बघा

पत्र :

नमस्कार. आजी गेल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली. तिच्यात आमच्या सोप्यात कायम लावलेल्या फोटोचीच दुसरी, बिनचौकटीची प्रत निघाली. खुर्चीत बसलेले फेटेवाले गृहस्थ, बंद गळ्याचा बटणांचा कोट, छातीवरून तिरका पट्टा आणि त्यावर बिल्ला. शेजारी नऊवारीतली बाई उभी. पुढ्यात जरीच्या टोपीतला पाच-सहा वर्षांचा मुलगा. लहानपणापासून ऐकत आलो की हे आमचे पणजोबा, शाहू महाराजांच्या पदरी होते ते, आणि मुलगा म्हणजे आमचे आजोबा. यंदा दसऱ्याला भावकी मिळून स्मरणिका काढतेय. गडहिंग्लजचे चुलते, म्हणजे पणजोबांच्या मधल्या भावाचे नातू, म्हणतात की हे तुमचे पणजोबा नव्हेतच, हे त्यांचे थोरले भाऊ. पणजोबा गोरे होते, हे सावळे दिसतात. थोरले १९१८ च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत गेले, त्यांना मूलबाळ नव्हतं. थोरल्या काकू पुढे मधल्यांच्या घरी गडहिंग्लजलाच राहिल्या आणि १९५५ च्या सुमारास वारल्या. चुलत्यांकडेही हा फोटो होता, पण २०१९ च्या पुरात गेला. माझी आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणते, पणजोबाच. यावरून तिने चुलत्यांशी बोलणं टाकलंय. पणजोबा १९५१ ला वारले, पणजी आत्याच्या लग्नापर्यंत होत्या. आजोबांच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९१० आहे. लहानपणी ते काही वर्षं गडहिंग्लजला थोरल्या काकूंकडेच होते. फोटोच्या पुठ्ठ्यावर स्टुडिओचा उठावाचा शिक्का आहे, मागे मोडी लिपीत एक ओळ आणि पेन्सिलीने एक आकडा. भाच्याने पणजोबांच्या म्हातारपणच्या हारवाल्या फोटोशी अ‍ॅपवर ताडून पाहिलं, तर 'जुळतो' असं आलं. चुलते ते मानत नाहीत. नक्की कसं ठरवायचं?

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर :

ताई,

खुर्चीतल्या गृहस्थांबद्दल तुम्ही फेट्यापासून बिल्ल्यापर्यंत सगळं लिहिलंत. शेजारच्या बाईंच्या वाट्याला 'नऊवारीतली' एवढा एकच शब्द आला. भावकीतलं भांडणही सगळं खुर्चीवरूनच चाललंय. मला वाटतं, हा निकाल लागायचा तर त्या उभ्या असलेल्या बाईंवरूनच लागेल.

असं बघा. थोरले १९१८ ला गेले. त्यांना पाहिलेलं माणूस आज हयात नाही. पणजोबा १९५१ ला गेले तेव्हा तुमच्या आत्या दहाएक वर्षांच्या होत्या, म्हणजे त्यांनी पाहिले ते म्हातारे पणजोबा. फोटोतल्या वयाचा यातला कोणताच भाऊ आज कुणाच्या डोळ्यांपुढे नाही. पणजींचं तसं नाही. आत्या लग्न होऊन जाईपर्यंत त्यांच्या मांडीला मांडी लावून बसल्यात. थोरल्या काकू १९५५ पर्यंत गडहिंग्लजच्या घरात वावरत होत्या, तेव्हा चुलत्यांपैकी जे वयाने मोठे असतील त्यांनी त्यांच्या हातचं खाल्लं असेल. बाई कोण हे कळलं की तिच्या शेजारी बसलेला माणूस कोण हे वेगळं शोधावं लागणार नाही.

आत्या खोटं बोलत नाहीत आणि चुलतेही नाहीत. पण सोप्यात लावलेल्या फोटोतल्या माणसाला आपण चेहऱ्यावरून ओळखत नसतो. भिंतीवरचा तो चौकटीतला म्हणजे पणजोबा, हे कळत्या वयापासून कानावर पडलेलं असतं आणि पुढे तीच आपली आठवण होऊन बसते. म्हणून आत्यांना 'हे पणजोबाच ना?' असं विचारू नका. 'तुम्हाला हे पहिल्यांदा कुणी सांगितलं?' असं विचारा. उत्तर 'आईने' असेल तर ती ओळख सून म्हणून त्या घरात आलेल्या बाईची आहे. 'पणजींनी स्वतः' असेल तर तिचं वजन फार मोठं आहे, कारण ती कदाचित फोटोतल्याच बाईची साक्ष असेल.

फोटो दाखवण्याआधी आत्यांकडून पणजींचं वर्णन काढून घ्या. उंची किती, कपाळ कसं, बोटं कशी, नाक टोचलेलं कुठे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गोंदण कुठे कुठे होतं. कपाळावर टिंब होतं का, हनुवटीवर किती ठिपके, हातावर तुळशीवृंदावन होतं की नाव. त्यांच्या शब्दांत लिहून घ्या, चालत असेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. चुलत्यांना थोरल्या काकूंबद्दल हेच प्रश्न वेगळे, फोनवर विचारा. भावकीच्या ग्रुपवर विचारलंत तर पहिल्याचं उत्तर बाकीचे वाचतील आणि मग सगळ्यांना तेच आठवेल. त्यानंतर त्या फोटोतून फक्त बाईंचा चेहरा वेगळा छापून घ्या, ट्रंकेतल्या त्याच वयाच्या आणखी चार-पाच बायकांचे चेहरे तेवढ्याच आकारात छापा आणि सगळे एकत्र पुढे ठेवा. पोलिसांच्या ओळखपरेडीत संशयिताला एकटा उभा करून 'हाच ना?' विचारत नाहीत, तसंच इथेही करायचं. गोंदणाचं वर्णन आधी लिहिलेलं असेल आणि नंतर ते फोटोत जसंच्या तसं सापडलं, तर त्याहून भक्कम पुरावा तुम्हाला क्वचितच मिळेल. दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं त्या पिढीतल्या बायका म्हणायच्याच.

मात्र गोंदण दिसलं नाही म्हणून ते नव्हतंच, असं धरू नका. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटांवर घेत आणि त्या प्लेटांना रंग आपल्या डोळ्यांसारखे दिसत नसत. निळा रंग पांढुरका उमटायचा आणि लाल जवळजवळ काळा. गोंदण हिरवट-निळं असतं, ते अशा प्लेटेवर फिकं पडतं किंवा साफ पुसल्यासारखं होतं. कपाळावरचं कुंकू मात्र डांबरासारखं काळं येतं. लाल फेटाही काळा दिसतो आणि लाल शालू बघून पोरं म्हणतात, आजी काळ्या चंद्रकळेत आहे. सगळे रंग बऱ्यापैकी पकडणारी फिल्म सर्रास वापरात यायला १९२० आणि ३० ची दशकं उजाडली. म्हणूनच चुलत्यांचा 'पणजोबा गोरे होते, हे सावळे दिसतात' हा मुद्दा बाजूला ठेवा. आपल्या कातडीत लाल-पिवळी झाक असते, ती या प्लेटांवर गडद उमटते. उलट स्टुडिओवाले गिऱ्हाइकाला खूश करायला निगेटिव्हवर हात फिरवून चेहरा उजळही करत. रंगावरून इकडचा की तिकडचा हे ठरणार नाही.

चेहरा, हात, कान यांच्याकडे बघण्याआधी फोटो सुलटा छापलाय ना, तेवढं तपासा. काचेची प्लेट उलटी ठेवली गेली तर छापही उलटा येतो आणि डावं ते उजवं होतं. नथ बाईंच्या स्वतःच्या डाव्या नाकपुडीत हवी, पुरुषाच्या कोटाची डावी बाजू उजवीवर यायला हवी. दोन्ही उलटं दिसलं तर फोटो आरशातल्यासारखा आहे, आणि आत्यांनी सांगितलेलं डाव्या हातावरचं गोंदण तुम्हाला उजवीकडे शोधावं लागेल. स्कॅन करताना १२०० डीपीआयवर करा. स्कॅनर नसेल तर खिडकीपाशी सावलीत, फ्लॅश न मारता, मोबाइल सरळ वर धरून काढा. सोप्यातली चौकट उघडू नका. वर्षानुवर्षांच्या दमटपणाने फोटो काचेला चिकटलेला असतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. तुमच्या हातात सुटी प्रत आहे, तिच्यावरच काम करा.

बाईंच्या गळ्यात कोल्हापुरी साज किंवा ठुशी दिसत असेल तर तो दागिना पुढे कुणाकडे आला हे विचारा. नुसत्या दागिन्यावर मात्र विसंबू नका. फोटो काढायला जाताना जावा-जावा एकमेकींचे दागिने घालत, त्यात वावगं कुणी मानत नसे.

आता वयाचा हिशेब. मुलगा आजोबाच असतील आणि पाच-सहा वर्षांचे असतील तर फोटो १९१५-१६ चा. १ जून ही तारीख मात्र ठोक समजू नका. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने वर्ष धरून १ जून टाकल्याचे दाखले घरोघरी आहेत. इकडेतिकडे दोन वर्षं सोडा, म्हणजे १९१३ ते १९१८. या काळात थोरले, मधले आणि तुमचे पणजोबा, तिघेही हयात होते. तेव्हा 'मुलगा आमचे आजोबा आहेत, म्हणून बसलेले पणजोबा' हे गणित बसत नाही. मूलबाळ नसलेला काका पुतण्याला पुढ्यात घेऊन फोटो काढतोच. मुलगा आजोबाच आहेत हे तरी कुणी पाहिलंय? तो चुलत्यांचा एखादा काकाही असू शकतो. आणि मधल्या भावाचं नाव दोन्ही बाजूंपैकी कुणीच घेत नाही, त्यांचा फोटो मागवून बघायला हवा.

फोटोच्या वयाचा उपयोग एवढाच, की तो १९१८ नंतरचा ठरला तर थोरले बाद होतात. आधीचा ठरला तर कुणीच बाद होत नाही. म्हणून नंतरच्या खुणा शोधा. गृहस्थांच्या मनगटावर घड्याळ आहे का? साखळीचं खिशातलं घड्याळ जुन्या काळाचं, मनगटी घड्याळ पुरुषांत रुळलं ते पहिल्या महायुद्धानंतर. मागे कुणाच्या डोक्यावर गांधी टोपी दिसते का? ती १९२० च्या पुढची. पुठ्ठ्यावर शिक्क्यात 'जिल्हा कोल्हापूर' असं काही असेल तर ती प्रत १ मार्च १९४९ नंतरची, कारण तोवर संस्थान होतं. पिन कोड असेल तर १९७२ नंतरची. पण सांभाळा, जुन्या फोटोचा नवा फोटो काढून प्रती करत असत, म्हणजे कागद नंतरचा आणि माणसं आधीची असं होऊ शकतं. अशा प्रतीत बारकावे मऊ पडतात आणि मूळ फोटोच्या कडा, सुरकुत्या किंवा टाचणीची सावलीसुद्धा छापलेली सापडते. पेन्सिलीचा आकडा बहुधा स्टुडिओच्या प्लेटचा नंबर असेल. ट्रंकेत त्याच शिक्क्याचा, जवळच्या नंबरचा आणखी एखादा फोटो असेल आणि तो कुणाच्या लग्नाचा हे माहीत असेल, तर तारीख आपोआप जवळ येते.

अ‍ॅपचं फारसं मनावर घेऊ नका. अ‍ॅप 'सारखा दिसतो' एवढंच सांगतं आणि सख्खे भाऊ सारखेच दिसतात. त्यातून तुमचा दुसरा फोटो हारवाला आहे. माणूस गेल्यावर एखाद्या ग्रुप फोटोतलं डोकं मोठं करून, त्याला ब्रशने कोट रंगवून असे फोटो बनवून घ्यायची पद्धत होती. तसा असेल तर त्यातलं निम्मं कारागिराचं आहे. भाच्याला एक नक्की सांगा, ताडून बघण्याआधी फोटो अ‍ॅपवर 'स्पष्ट' करू नकोस. धूसर फोटोतून अ‍ॅप जे डोळे-नाक काढतं ते इतर हजारो चेहऱ्यांवरून रचलेलं असतं, तुमच्या घरच्या माणसाचं नसतं. डोळ्यांनीच बघायचं तर कान बघा. पाळी वयाने लोंबते, पण आतल्या वळ्यांची ठेवण फारशी बदलत नाही. कान फेट्याखाली झाकला नसेल आणि दोन्ही फोटोंत एकाच बाजूचा दिसत असेल तरच. कान स्पष्ट वेगळा निघाला तर पणजोबा नाहीत असं म्हणता येईल. जुळला तर भाऊ असण्याची शक्यता उरतेच.

मागची मोडी ओळ ही तुमची सगळ्यात मोठी ठेव आहे. मोडी शाळेतून जाऊनही आता साठ-सत्तर वर्षं झाली, म्हणजे लिहिणारं माणूस जुन्या पिढीचं, कदाचित फोटोतल्या लोकांना पाहिलेलं. शाई दौतीची आहे की बॉलपेनची बघा. बॉलपेन असेल तर ती ओळ स्वातंत्र्यानंतर कुणीतरी आठवून लिहिली. कोल्हापुरात मोडी वाचणारे अजून आहेत. दोघांकडून वेगवेगळी वाचून घ्या आणि वाद काय आहे ते त्यांना सांगू नका. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि वाचणाऱ्याला काय हवंय हे कळलं की अक्षर त्या बाजूला झुकतं. दोन नावांच्या मध्ये 'बिन' असेल तर पहिला मुलगा आणि दुसरा बाप. 'कोम' असेल तर पहिली बायको आणि दुसरा नवरा. साल शके असेल तर ७८ मिळवा. नाव पणजोबांचंच निघालं तरी लगेच आनंदू नका. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत आहे, त्यामुळे एकच नाव एका पिढीआड पुन्हा येतं, म्हणून बापाचं नाव जुळतंय का ते बघा. आणि फोटो कुणाला पाठवला त्याचं नावही मागे लिहीत असत.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही सहज लिहून गेलात. 'लहानपणी ते काही वर्षं थोरल्या काकूंकडेच होते.' ताई, थोरल्यांना मूल नव्हतं, ते तरुणपणी गेले, मागे विधवा बायको राहिली आणि धाकट्या दिराचा मुलगा तिच्याकडे वाढला. आजोबा दत्तक गेले होते का, हे कुणी विचारलंय का? ज्यांच्या पदरी तुमचे पूर्वज होते ते शाहू महाराज स्वतःच १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक येऊन गादीवर बसले. घराघरांत, भावाभावांत हे होत असे. बऱ्याचदा पुढे ते बोललं जात नसे. दत्तकविधान झालं असेल तर थोरले हेच कागदोपत्री आजोबांचे वडील आणि तुमचे पणजोबा. मग आत्यांचं 'पणजोबाच' आणि चुलत्यांचं 'थोरलेच' या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या ठरतात. आजोबांनी तो फोटो सोप्यात लावला आणि 'माझे वडील' एवढंच सांगितलं असेल, तर पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला असेल.

हे ताडायला लांब जायला नको. दाखल्यावरची जन्मतारीख तुम्ही लिहिलीत, पण आजोबांच्या वडिलांचं नाव दाखल्यावर काय आहे ते लिहिलं नाहीत. आजच काढून बघा. दाखला शाळा सोडतानाचा असेल तर त्याच्याही मागे जा. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा आजोबा बरोबर शाळेच्या वयाचे होते. गडहिंग्लजच्या जुन्या मराठी शाळेत जनरल रजिस्टर जपलेलं असेल, तर त्यात मुलाचं पूर्ण नाव आणि पालकाचं नाव सापडेल. वंशज म्हणून रीतसर अर्ज करा. दुसरा कागद फेरफाराचा. १९१८ नंतर थोरल्यांच्या जमिनीला कुणाचं नाव लागलं? वारसाच्या नोंदीत विधवेचं नाव येतं, दत्तक असेल तर तेही येतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात हे जुने कागद असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना राज्यभर असे मोडी कागद बाहेर काढून स्कॅन केले गेले, त्यामुळे आता ते मागायला गेलेल्या माणसाकडे कुणी चमत्कारिक नजरेने बघत नाही. गडहिंग्लज भागात तुमच्या घराण्याचे हेळवी येत असतील तर त्यांनाही गाठा. वंशावळ सांगणं हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय, आणि कोण कुणाच्या ओटीत गेला हे त्यांना विचारायला हरकत नाही. एक मात्र करा. दत्तकाचा विषय काढण्याआधी चुलत्यांना स्वच्छ सांगा की जमिनीचं काही काढायचं नाही, फोटोपुरतं विचारतेय. नाहीतर फेरफार म्हटल्यावर पुढचं दार बंद होईल.

बिल्ल्याचंही बघून घ्या. टॉर्च एका बाजूने आडवा धरून फोटोकडे बघा, उठावाची अक्षरं असतील तर वर येतात. करवीर दरबाराचं दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे, बरंचसं मोडीत. 'शाहू महाराजांच्या पदरी' नक्की कोणता भाऊ होता, हे तिथून कळू शकतं. हकीकत थोरल्यांची असेल आणि त्यांच्यामागे सांगायला कुणी न उरल्याने ती धाकट्यांच्या नावावर गेली असेल, हेही मनात असू द्या.

चुलत्यांच्या घरची प्रत पुरात गेली याचं वाईट वाटतं. पण त्या घरातल्या साखरपुड्याचे, बारशाचे, वाढदिवसाचे फोटो पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये असतील. पाठीमागच्या भिंतीवर ती चौकट दिसत असेल, कदाचित तिच्याखाली नावही लिहिलेलं असेल. पै-पाहुण्यांना २०१९ च्या आधीचे फोटो मागा. आणि चुलत्यांना विचारा, ती प्रत त्या घरात आणली कुणी? थोरल्या काकू स्वतःच्या पेटीतून घेऊन आल्या असतील तर विधवा बाईने जपलेला तो फोटो कुणाचा असेल, हे मी सांगायला नको.

शेवटचा शोध माहेरचा. स्टुडिओत एकच प्रत कुणी काढत नसे. मुलीचा नवऱ्याबरोबरचा फोटो तिच्या आईकडे गेलेला असतो. पणजी कुठल्या गावच्या आणि थोरल्या काकू कुठल्या, हे आत्यांना आणि चुलत्यांना पक्कं माहीत असेल, बायकांच्या बोलण्यात ते रोज येतं. दोन्ही माहेरी फोटो घेऊन जा. तिथे सासरचं नाव घेऊन उपयोग नाही, लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणून माहेरचं नाव आधी विचारून घ्या. तिथल्या भिंतीवर, देवघराशेजारी किंवा एखाद्या पोथीत हीच प्रत असेल तर तिच्यामागे 'आमची अमकी आणि जावईबापू' असं काही लिहिलेलं असण्याची शक्यता तुमच्या ट्रंकेपेक्षा जास्त आहे. शिवाय त्या लोकांना तुमच्या स्मरणिकेत कोण मोठं, कोण धाकटं याचं काही पडलेलं नाही.

दसऱ्यापर्यंत यातलं काहीच हाती लागलं नाही तर फोटो गाळू नका आणि कुणा एकाचं नाव ठोकूनही छापू नका. खाली असं छापा : 'बसलेले : आत्यांच्या सांगण्यावरून धाकटे, गडहिंग्लजकरांच्या सांगण्यावरून थोरले. उभ्या : त्यांच्या पत्नी. पुढे : बहुधा आमचे आजोबा. अंदाजे १९१३ ते १९१८.' 'त्यांच्या पत्नी' हे शब्द बदलून तिथे नाव यावं, माहेरच्या नावासकट, यासाठी धडपडा. तुमच्या घरात त्या बाईंबद्दल शंभर वर्षांत कुणी विचारलेलं दिसत नाही. मूळ फोटोच्या मागे पेनने काही लिहू नका, मोडी ओळ पुसू नका. पाकिटात घालून पाकिटावर मऊ पेन्सिलीने लिहा, कुणी काय सांगितलं आणि कोणत्या दिवशी.

आत्यांचा राग मला कळतो. त्यांना वाटतंय, ज्या आजोबांनी खेळवलं त्यांना भावकी भिंतीवरून उतरवतेय. त्यांच्याकडे जाल तेव्हा आधी शब्द द्या, की फोटो कुणाचाही निघाला तरी सोप्यातून हलणार नाही आणि हारवाला फोटोही त्याच्या शेजारी लागेल. मग त्यांच्यापुढे बसा आणि पणजींच्या हातावर काय काय गोंदलं होतं ते विचारायला सुरुवात करा. पणजोबांचा विषय त्या दिवशी काढूच नका.